मैदानानं फेडायचं कर्ज: नाशिकमध्ये महसुली रोख्यांतून स्टेडियम उभं करायचं असेल तर

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी चारपासून रात्री नऊपर्यंत मी गोल्फ क्लब मैदानाच्या फाटकापाशी वही घेऊन बसलो होतो. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान हे त्याचं खरं नाव, पण रिक्षावाल्याला आपण गोल्फ क्लबच सांगतो. वहीत चार रकाने आखले होते: चालायला आलेले, खेळायला आलेली मुलं, मुलांसोबत आलेली मोठी माणसं आणि गाड्या. चार उभ्या रेघा, पाचवी तिरपी, अशा जुड्या मारत गेलो. सहाच्या सुमाराला मोठ्या माणसांचा रकाना मुलांच्या रकान्याला गाठू लागला. मुलगा नेटमध्ये आणि आई किंवा आजोबा दीड तास कट्ट्यावर. कुणी मोबाइल बघतंय, कुणी चहा शोधत बाहेर जाऊन परत येतंय. त्या वहीचा उपयोग पुढं सांगतो.

नाशिकला मोठं, सोयींनी भरलेलं स्टेडियम हवं, असं आपण सगळेच म्हणतो. पैसा कुठून आणायचा, असं विचारलं की हल्ली पटकन उत्तर येतं, ‘बाँड काढा’. काढता येईल. मात्र बाँड म्हणजे रोखे, आणि रोखे म्हणजे अनुदान नव्हे, ते कर्ज आहे. ते कोण, कशातून आणि कधी फेडणार, हे पायाभरणीच्या आधी कागदावर आलं पाहिजे. हा लेख त्या कागदासाठी आहे. नगरसेवक, क्रीडा मंडळांचे कार्यकर्ते, महापालिकेच्या अंदाजपत्रकावर हरकती-सूचना देणारे नागरिक आणि उद्या असे रोखे विकत घेऊ शकणारे सामान्य गुंतवणूकदार, या सगळ्यांना तो हाताशी ठेवता यावा.

आधी शब्द नीट समजून घेऊ

महापालिकेचे रोखे दोन जातींचे. पहिल्यात महापालिका आपल्या सगळ्या उत्पन्नाच्या जोरावर कर्ज घेते. घरपट्टी, पाणीपट्टी, सरकारी अनुदान, जे येईल त्यातून फेडते. दुसरी जात महसुली रोख्यांची. त्यात ज्या प्रकल्पासाठी कर्ज घेतलं त्याच प्रकल्पाच्या कमाईतून किंवा एखाद्या ठरावीक, वेगळ्या काढलेल्या उत्पन्नातून ते फेडायचं असतं. स्टेडियम महसुली रोख्यांवर बांधलं, तर गाळ्यांचं भाडं, सदस्यांची फी, पार्किंग, प्रदर्शनांचं भाडं यांतून व्याज आणि मुद्दल गेलं पाहिजे. मैदान कमी पडलं म्हणून घरपट्टीला हात लावायचा नाही, हा या रोख्याचा कणा आहे.

नाशिकला रोखे नवे नाहीत. १९९७ मध्ये बंगळुरूनं राज्य सरकारच्या हमीवर आणि १९९८ मध्ये अहमदाबादनं हमीशिवाय रोखे काढले. त्यानंतर १९९९ मध्ये नाशिक महापालिकेनं पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणासाठी १०० कोटींचे रोखे आणले. व्याज होतं १४.७५ टक्के. आज हा दर ऐकून छाती दडपते, पण तेव्हाचा बाजारच तसा होता. परतफेडीसाठी शहराच्या चार जकात नाक्यांचं उत्पन्न वेगळं बांधून दिलं होतं. पुढं २०१३ मध्ये जकात गेली, स्थानिक संस्था कर आला आणि काही वर्षांत तोही गेला. ज्या उत्पन्नावर आपण कर्ज उभं करतो ते उत्पन्नच कायद्याच्या एका फटक्यात नाहीसं होऊ शकतं, हे या शहरानं डोळ्यांनी पाहिलंय. आगामी सिंहस्थाच्या निमित्तानं गोदावरीच्या स्वच्छतेसाठीही महापालिकेनं रोख्यांचीच वाट धरली. तेव्हा यंत्रणेला हा विषय परका नाही. मात्र पाण्याची पट्टी प्रत्येक घराला भरावीच लागते आणि मैदानावर येणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर असतं. सगळा फरक इथून सुरू होतो.

पायरी १: जागेचे कागद

इथं फार वेळ घालवत नाही, पण हे चुकलं तर पुढचं सगळं वाया जातं. जागा महापालिकेच्या नावावर आहे की शासनाच्या, विकास आराखड्यात आरक्षण कशाचं आहे, त्या आरक्षणात किती बांधकाम आणि किती गाळे चालतात, हे नगररचना विभागाकडून लेखी घ्या. खेळाच्या मैदानाच्या आरक्षणावर मॉलसारखे गाळे बसत नाहीत. डीपीआरमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या सविस्तर अहवालात, शंभर गाळे आणि मंजुरी चाळीसला, अशी गत झाली की उत्पन्नाचा हिशेब पहिल्याच दिवशी कोसळतो. कोर्टात दावा असेल तर तो निकाली निघेपर्यंत रोख्यांचा विचारही करू नका.

पायरी २: उत्पन्नाची वही, मोठ्या सामन्यांशिवाय

स्टेडियमच्या सादरीकरणात पहिलं चित्र नेहमी भरलेल्या स्टँडचं असतं. प्रकाशझोत, झेंडे, आंतरराष्ट्रीय सामना. पण हप्ता भरायचा तर ते चित्र बाजूला ठेवा. आंतरराष्ट्रीय सामना कुठं द्यायचा हे क्रिकेट मंडळ ठरवतं, महापालिका नाही. रणजी सामने आपल्याकडं होतात आणि ते बघायला गर्दीही लोटते, पण चार दिवसांच्या रणजीच्या तिकिटांवर कर्ज फिटत नाही. म्हणून उत्पन्नाच्या वहीत मोठ्या सामन्यांपुढं शून्य लिहा. आला सामना तर आनंदच आहे, तो पैसा राखीव निधीत टाका.

मोजायच्या आहेत त्या संध्याकाळी. वर्षातले ३६५ दिवस, सकाळी साडेपाच ते नऊ आणि दुपारी चार ते रात्री नऊ. फाटकावरची माझी वही त्यासाठीच होती. सल्लागाराला डीपीआरचं काम देताना अट घाला: शहरातल्या किमान चार मैदानांवर, आठवड्यातल्या वेगवेगळ्या दिवशी, उन्हाळा-पावसाळा-हिवाळा तिन्ही ऋतूंत प्रत्यक्ष मोजणी झाली पाहिजे. कान्हेरे मैदान, पंचवटीतलं विभागीय क्रीडा संकुल, सीबीएसजवळचं छत्रपती शिवाजी स्टेडियम आणि सिडको किंवा सातपूर भागातलं एखादं. ‘शहराची लोकसंख्या इतकी, तिच्या इतके टक्के लोक येतील’ असं गणित कुणी मांडलं, तर तो कागद परत पाठवा.

आता एक नमुना मांडतो. आकडे मी समजुतीसाठी धरलेत, नाशिकच्या कुठल्याही प्रत्यक्ष प्रकल्पाचे नाहीत. समजा स्टेडियमचा खर्च १०० कोटी.

मोठ्या माणसांचं सदस्यत्व: ३,००० जण, महिना १,००० रुपये, वर्षाला ३.६ कोटी. मुलांच्या प्रशिक्षणाच्या बॅच: १,२०० मुलं, महिना १,२०० रुपये, अकरा महिने, १.५८ कोटी. स्टँडखालचे ६० गाळे, महिना २५,००० रुपये भाडं, १.८ कोटी. प्रदर्शनं आणि कार्यक्रम: वर्षाला ४० दिवस, दिवसाला ३ लाख, १.२ कोटी. पार्किंग: रोज ४०० दुचाकी १० रुपयांनी आणि १५० चारचाकी ३० रुपयांनी, वर्षाला साधारण ३१ लाख. स्टेडियमला एखाद्या कंपनीचं नाव देण्याचे ५० लाख. बेरीज झाली ९ कोटी. जीएसटी यात धरू नका, तो सरकारचा आहे. आपण फक्त गोळा करून भरणार.

प्रत्येक ओळीला प्रश्न विचारा. साठही गाळे बाराही महिने भरलेले राहतील का? ते पालक कट्ट्यावर दीड दीड तास बसतात, म्हणजे चहा-नाश्त्याचं दुकान, स्टेशनरी, खेळाच्या साहित्याचं दुकान चालेल. पण पहिल्या मजल्यावरचा, रस्त्याकडून न दिसणारा गाळा कोण घेईल? प्रदर्शनांचे चाळीस दिवस धरताना गंगापूर रोडच्या डोंगरे वसतिगृह मैदानाशी आपली स्पर्धा आहे, हे लक्षात ठेवा. प्रदर्शनवाले वर्षानुवर्षांची सवय सहज मोडत नाहीत. रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, म्हणून संगीताच्या मोठ्या कार्यक्रमांचे आकडे फुगवू नका. आणि प्रदर्शनाच्या मांडवाचे खांब गवतात रोवले की पुढचे कित्येक दिवस त्या पट्ट्यात खेळ बंद राहतो. ते नुकसान कुणी लिहीत नाही.

नाव देण्याच्या पैशावर तर अजिबात विसंबू नका. पुण्याजवळ गहुंजेला महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं स्टेडियम उभं राहिलं तेव्हा सहाराचं नाव मोठ्या रकमेच्या करारानं लागलं होतं. ठरलेले पैसे आले नाहीत आणि २०१३ मध्ये ते नाव उतरलं. पुढं काही वर्षांनी थकीत कर्जापोटी बँकांनी स्टेडियमचा सांकेतिक ताबाही घेतला. ते रोखे नव्हते, बँकेचं कर्ज होतं, पण दुखणं तेच.

पायरी ३: कर्जाचा आकडा उत्पन्नावरून काढा, खर्चावरून नाही

आपल्याकडं हिशेब उलटा होतो. स्टेडियमचा खर्च १०० कोटी, अनुदान इतकं मिळेल, उरलेल्याचे रोखे. मग उरलेले ६० कोटी असले तर ६० कोटींचे रोखे निघतात. ६० कोटी, ८ टक्के व्याज, १५ वर्षं, समान वार्षिक हप्ता धरला तर वर्षाला सुमारे ७ कोटी लागतात. वरच्या नमुन्यात एकूण कमाई ९ कोटी आहे, आणि तीही खर्च वजा न करता.

सरळ बाजूनं या. ९ कोटींतून गवत, पाणी, वीज, फ्लडलाइटची देखभाल, सुरक्षारक्षक, सफाई, पगार असे ४ कोटी काढा. उरले ५ कोटी. हप्त्याच्या किमान १.४ पट रक्कम हातात असावी असं धरलं, तर हप्ता ३.५७ कोटींपेक्षा जास्त नको. एवढ्या हप्त्यात १५ वर्षांसाठी ८ टक्क्यांनी साधारण ३० कोटींचं कर्ज बसतं.

इथंही थांबू नका. एका वर्षी कमाई वीस टक्क्यांनी घटली असं धरा. पाऊस लांबला, रस्त्याचं काम निघालं, काहीही. ९ कोटींचे ७.२ झाले. खर्च मात्र ४ कोटीच राहतो, कारण रखवालदाराचा पगार आणि गवताचं पाणी गर्दी बघून कमी होत नाही. उरतात ३.२ कोटी आणि हप्ता आहे ३.५७ कोटींचा. म्हणजे १.४ पटीची उशी दिसायला जाड, पण वीस टक्क्यांच्या धक्क्यात फाटते. हेच कर्ज २५ कोटींवर आणलं तर हप्ता २.९२ कोटी होतो आणि वाईट वर्षही निभावतं.

म्हणजे १०० कोटींच्या स्टेडियममधले २५ कोटी मैदान स्वतः फेडू शकतं. उरलेले ७५ कोटी लोकांच्या करातून, राज्याच्या किंवा केंद्राच्या क्रीडा अनुदानातून येतील, नाहीतर स्टेडियम लहान करावं लागेल. शाळा आणि बागा आपण नफ्यासाठी बांधत नाही, तसं मैदानावरही करातून खर्च करावा, मला त्यात काही गैर वाटत नाही. पण ते महासभेत उघडपणे मांडून, मत घेऊन. करातून द्यायचा पैसा महसुली रोख्याच्या नावाखाली लपवला की दहा वर्षांनी तो दवाखान्याच्या औषधांतून वसूल होतो.

अमेरिकेत हे घडून गेलंय. तिथं महापालिकांच्या रोख्यांवरचं व्याज करमुक्त असतं. १९८६ च्या करसुधारणा कायद्यानं अट घातली: स्टेडियम खासगी संघ वापरत असेल आणि कर्जफेडीतला दहा टक्क्यांहून जास्त वाटा अशा खासगी पैशातून येत असेल, तर करमाफी नाही. खासगी संघांना सरकारी सवलत मिळू नये हा हेतू. झालं उलटंच. करमाफी टिकवण्यासाठी शहरांनी संघांकडून भाडं कमी घेतलं आणि हप्ते विक्रीकर, हॉटेलकर यांतून भरले. सिनसिनाटी शहराच्या हॅमिल्टन काउंटीनं (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) १९९६ मध्ये दोन स्टेडियमसाठी अर्धा टक्का विक्रीकर वाढवला. करवसुली अंदाजापेक्षा कमी पडली. घरपट्टीत द्यायची सवलत कापावी लागली आणि काउंटीचं सार्वजनिक रुग्णालय विकावं लागलं. सिएटलचं किंगडोम १९७६ मध्ये उघडलं, २००० मध्ये सुरुंग लावून पाडलं, आणि त्याचं कर्ज फिटलं २०१५ मध्ये. पंधरा वर्षं लोक नसलेल्या इमारतीचे हप्ते भरत होते.

पायरी ४: फुकट तासांचे पैसे महापालिकेनं भरायचे

मला सगळ्यात जास्त जिव्हाळा या पायरीचा आहे.

वरचं गणित महिना १,२०० रुपये देऊ शकणाऱ्या घरांवर उभं आहे. पण या जिल्ह्याला पदकं कुणी आणून दिली? सावरपाड्याच्या कविता राऊतनं. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळनं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंगला गेला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत संघासोबत सुवर्ण घेऊन आला. महसुली रोख्याच्या हिशेबात अशा मुलामुलींना जागाच राहत नाही, कारण ती ‘उत्पन्न’ नाहीत. आणि मग स्टेडियम उघडल्यावर दोन वर्षांत कुणीतरी चांगल्या मनानं ठराव आणतं: संध्याकाळी पाच ते सात मोफत. ठराव मंजूर होतो आणि हप्त्याचा पैसा कमी पडायला लागतो.

उपाय आधीच करा. मोफत तास रोख्याच्या कागदातच लिहा आणि त्यांची किंमत महापालिकेच्या क्रीडा खर्चातून दरमहा स्टेडियमच्या खात्यात भरली जाईल, असा करार करा. ३०० मुलं, तीच १,२०० रुपयांची फी, अकरा महिने, म्हणजे वर्षाला ३९ लाख ६० हजार. एवढी रक्कम शहराच्या अंदाजपत्रकात सहज मावते. ती एका ओळीत दिसेल, दरवर्षी मंजूर होईल. मुलं फुकट खेळतील आणि रोखेधारकाचा पैसाही बुडणार नाही. पुढं कुणाला मोफत तास वाढवायचे असतील तर त्यानं तेवढी तरतूदही वाढवायची.

पायरी ५: पैशाची उतरंड

रोख्यांसाठी एस्क्रो खातं काढावं लागतं. फाटकावरचा, गाळ्यांचा, पार्किंगचा, ऑनलाइन आलेला प्रत्येक रुपया आधी या खात्यात जातो. त्यावर रोखेधारकांच्या वतीनं देखरेख ठेवायला डिबेंचर ट्रस्टी नावाची संस्था असते. इथवर सगळे सांगतात. कळीची गोष्ट म्हणजे खात्यातून पैसा कोणत्या क्रमानं बाहेर पडतो. माठांच्या उतरंडीसारखा तो क्रम एकदाच नीट रचायचा.

सगळ्यात आधी देखभाल. पुष्कळांना वाटतं, आधी व्याज द्यावं म्हणजे रोखेधारक खूश. तसं केलं तर अडचणीच्या वर्षी पहिली काटछाट गवतावर येते. गवत मेलं, ट्रॅक उखडला की सदस्य निघून जातात, पुढच्या वर्षी उत्पन्न आणखी घटतं, आणि शेवटी रोखेधारकही बुडतो. म्हणून देखभाल पहिली, मात्र ठरलेल्या मर्यादेत. मग व्याज, मग मुद्दल. त्यानंतर एक वर्षाच्या हप्त्याएवढा राखीव निधी भरत ठेवायचा. पुढं नूतनीकरण निधी, कारण सिंथेटिक ट्रॅक आणि फ्लडलाइट पंधरा वर्षं जसेच्या तसे टिकत नाहीत. या सगळ्यानंतर उरलं तर ते महापालिकेच्या तिजोरीत.

पावत्यांची शिस्त याच पायरीत बसवा. काही वर्षांपूर्वी एका क्रीडा संकुलाचे हिशेब बघायचा योग आला. फीची पावतीपुस्तकं तीन होती. एक कार्यालयात, एक प्रशिक्षकाकडं, एक रखवालदाराच्या टेबलाच्या खणात. तिसऱ्यातल्या मधल्या पावत्यांच्या स्थळप्रती कोऱ्या होत्या. रखवालदार बिचारा प्रामाणिक होता. कार्बन संपला होता, आणि नवा द्यायला कुणी आलं नव्हतं. पण त्या महिन्याचं उत्पन्न किती, हे शेवटपर्यंत कुणालाच सांगता आलं नाही. रोख रकमेला पूर्ण बंदी, फाटकावर एकच क्यूआर कोड, तोही थेट एस्क्रो खात्याशी जोडलेला, ही अट ट्रस्टीच्या करारातच घाला. ज्याच्याकडं मोबाइल नाही त्याला कार्ड द्या, ते खिडकीवर भरून मिळेल.

आणखी दोन वचनं महापालिकेकडून लेखी घ्यायची. हप्त्याच्या ठरलेल्या पटीपेक्षा उत्पन्न खाली आलं तर फी आणि भाड्यांचा आढावा घेऊ, हे पहिलं. याच उत्पन्नावर दुसरं कर्ज, तेवढी पट शिल्लक असल्याशिवाय काढणार नाही, हे दुसरं. दुसरं वचन विसरलं जातं आणि मग जलतरण तलावासाठी त्याच मैदानाची कमाई पुन्हा गहाण पडते.

पायरी ६: तारखा, पाऊस आणि सिंहस्थ

व्याजाची तारीख छापून झाली की बदलत नाही, म्हणून ती नाशिकच्या ऋतूंना धरून ठरवा. उन्हाळी शिबिरांची फी एप्रिल-मेमध्ये येते. जून ते सप्टेंबर मैदान ओलं असतं, बॅच निम्म्यावर येतात, प्रदर्शनं नसतात. दिवाळीनंतर पुन्हा हालचाल सुरू होते. तेव्हा सहामाही व्याज जूनअखेर आणि डिसेंबरअखेर ठेवलं तर दोन्ही वेळी खात्यात पैसा असेल. सप्टेंबरअखेरची तारीख ठेवली तर दरवर्षी धाप लागेल.

बांधकामाच्या काळात कमाई शून्य, व्याज मात्र सुरू. २५ कोटींवर दोन वर्षांचं व्याज ४ कोटी. ते प्रकल्पाच्या खर्चात पहिल्या दिवसापासून धरा. व्याज पुढं ढकलून मुद्दलात मिळवत जाण्याचा मोह टाळा. मायामीच्या बेसबॉल स्टेडियमसाठी काढलेल्या ९.१ कोटी डॉलरच्या एका रोख्याची परतफेड अशीच पुढं ढकलत नेली, आणि ती सगळी फिटेपर्यंत सुमारे १२० कोटी डॉलर मोजावे लागणार आहेत.

आणि सिंहस्थ. २००३, २०१५, आता २०२७, पुढचा २०३९. पंधरा वर्षांचा रोखा आज काढा की उद्या, त्याच्या मुदतीत एक सिंहस्थ येतोच. त्या महिन्यांत रस्ते बंद असतात, मोकळ्या जागा पार्किंगला आणि निवाऱ्याला जातात, पोलीस बंदोबस्त उतरतो. स्टेडियमही ताब्यात घेतलं जाईल असं धरूनच चाला, आणि त्या काळाचं भाडं सिंहस्थाच्या निधीतून एस्क्रो खात्यात जमा होईल, असं आधीच लिहून घ्या. मुंबईच्या सल्लागाराला हे सुचणार नाही. आपल्याला सुचलं पाहिजे.

पायरी ७: मंजुऱ्या, मानांकन, विक्री

प्रस्ताव स्थायी समिती आणि महासभेतून जातो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १०९ नुसार कर्ज उभारायला राज्य सरकारची मंजुरी लागते. त्याच्या वर शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीची २०१५ ची महापालिका रोख्यांची नियमावली. तिचा रोख असा: हिशेब राष्ट्रीय महापालिका लेखासंहितेप्रमाणे ठेवलेले हवेत, आधीच्या कर्जाचे हप्ते थकलेले नसावेत, उभारलेला पैसा वेगळ्या खात्यात राहावा, आणि प्रकल्पखर्चाचा किमान वीस टक्के वाटा महापालिकेनं स्वतःच्या पैशातून किंवा अनुदानातून घालावा. या कागदांना वेळ लागतो. ताळेबंद दोन वर्षं मागं असेल तर आधी लेखा विभागाला माणसं द्या.

कर्ज फिटण्याची शक्यता जोखणाऱ्या पतमानांकन संस्था महसुली रोख्यात महापालिकेच्या नावापेक्षा प्रकल्पाच्या कमाईकडं आणि एस्क्रोच्या रचनेकडं बघतात. पुण्यानं २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्क्यांनी विकले, पण पुण्याचा तो दर आपल्या स्टेडियमला मिळेल असं समजू नका. मैदानाची कमाई नवी आहे, तिला इतिहास नाही. दर जास्तच पडणार.

विकायचे कसे? बहुतेक महापालिका मोठ्या संस्थांना खासगीरीत्या विकतात. ते स्वस्त आणि लवकर होतं. पण इंदूरनं फेब्रुवारी २०२३ मध्ये सौर प्रकल्पासाठी २४४ कोटींचे रोखे थेट लोकांना विकले. व्याज ८.२५ टक्के, हजार रुपयांचा एक रोखा, आणि त्याचे तीन, पाच, सात आणि नऊ वर्षांत फिटणारे चार भाग. मागणी कित्येक पटींनी आली. स्टेडियमसाठी मला हीच वाट योग्य वाटते. ज्याचा नातू त्या मैदानावर खेळतो आणि ज्याच्या डिमॅट खात्यात त्याच मैदानाचे दहा रोखे आहेत, तो फाटकावरच्या क्यूआर कोडकडं नीट लक्ष ठेवेल.

पायरी ८: बांधायचं ते टप्प्यांनी

पहिल्या दिवशी चारही बाजूंचे स्टँड उभारू नका. मैदान, ट्रॅक, दिवे, स्वच्छतागृहं, एक स्टँड आणि त्याखालचे गाळे आधी. कमाई इथून येते. उरलेले तीन स्टँड मोठ्या सामन्यांसाठी लागतात आणि मोठे सामने आपण हिशेबात धरलेलेच नाहीत. ठेकेदाराचं देयक काम मोजूनच निघावं, आणि एस्क्रोमधल्या बांधकामाच्या पैशाला ट्रस्टीची सही असल्याशिवाय हात लागू नये. गाळ्यांचे लिलाव बांधकाम अर्ध्यावर असतानाच करा. अनामत किती जमते त्यावरून भाड्याचा अंदाज खरा होता की नाही ते कळेल, आणि चूक निघालीच तर दुरुस्त करायला अजून वेळ असेल.

पायरी ९: रोखा घेणाऱ्यानं काय वाचायचं

माहितीपत्रक जाडजूड असतं. सगळं वाचणं होत नसेल तर चार जागा शोधा. परतफेड फक्त प्रकल्पाच्या उत्पन्नातून आहे की महापालिकेच्या इतर उत्पन्नाचाही आधार आहे, हे सांगणारं वाक्य. एस्क्रोतून पैसा बाहेर पडण्याचा क्रम. राखीव निधी पहिल्या दिवशी भरलेला असेल की हळूहळू भरणार. आणि उत्पन्नाच्या अंदाजात मोठ्या सामन्यांचा वाटा किती. हा वाटा मोठा असेल तर मी माझे पैसे घालणार नाही, तुम्हीही घालू नका. व्याज साधारणपणे करपात्र असतं, तेव्हा हातात काय पडेल ते आपल्या करदराप्रमाणे काढून बघा. बाजारात असे रोखे रोज फारसे विकले-घेतले जात नाहीत. मुलीच्या लग्नासाठी तीन वर्षांत लागणारा पैसा नऊ वर्षांच्या भागात अडकवू नका.

स्टेडियम उघडल्यावर दर सहा महिन्यांनी एक पानाचा हिशेब फाटकाशेजारी मोठ्या अक्षरांत, मराठीत लावायला सांगा. किती सदस्य, किती मुलं, त्यांतली मोफत किती, गाळे भरलेले किती आणि थकलेले किती, देखभाल किती, हप्ता भरला का, राखीव निधीत काय आहे. सात-आठ ओळींत मावतं. पालक तिथं दीड तास बसलेलेच असतात. ते वाचतील, आणि एखादी ओळ दोन सहामाही सारखीच दिसली तर कार्यालयात जाऊन विचारतीलही.